बटाट्यांचं तळघर

दरवर्षी वन्सं बटाटे काढायच्या ते कोरडा दिवस बघून. काढलेले बटाटे वाफ्यातच थोडा वेळ वाऱ्यावर पसरायच्या, मग अंधाऱ्या पडवीत ठेवून त्यांची साल घट्ट होऊ द्यायच्या, दुखावलेला एकेक बाजूला काढायच्या, आणि मग कुठे ते तळघरात उतरायचे. त्या साली पावसानं पिच्छाच सोडला नाही. त्यातच रेडिओवाले कडाक्याची थंडी येतेय म्हणून सांगू लागले, आणि वन्संचा धीर सुटला. त्यांनी आणि त्यांच्या भावजयीनं चिखलात उभं राहून सगळे वाफे उपसले. बटाटे ओलेच होते. कित्येकांना कुदळ लागली होती. तसेच ते पोत्यांनी खाली गेले.

"वन्सं, जरा वाळू द्यायला हवे होते ना?" भावजय म्हणाली.

"मग तू सांग त्या थंडीला, दमानं ये म्हणून," वन्सं म्हणाल्या. "माझं ती ऐकत नाही."

या भावजयीला घरात आणि शेजारात सगळे भागू म्हणायचे. खरं नाव वेगळंच होतं. पण लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यात तळघराच्या शिडीवर पाय ठेवायला तिनं साफ नकार दिला, तेव्हा वन्सं भावाला हसून म्हणाल्या होत्या, "धाकट्या, तू तर भित्री भागूबाई घेऊन आलास." ते चिकटलं ते चिकटलंच.

घर वन्संचं होतं. बुटांच्या कारखान्यात उभा जन्म काढून त्या घरी बसल्या होत्या, म्हणजे बसल्या कधीच नव्हत्या. नवरा गेल्यावर त्यांनी परसातली सगळी जमीन खणून काढली आणि धाकट्या भावाला बायकोसह राहायला बोलावून घेतलं. भाऊ डोंगरातल्या रस्त्यांवरचं बर्फ काढणाऱ्या मोठ्या गाडीवर चालक होता. हिवाळा लागला की तो तिकडेच, ठाण्यावर मुक्कामाला. भागू घरीच शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडद्यांना काठ, कुणाची ढगळ झालेली पँट. त्यामुळे हिवाळाभर घरात दोघीच. एक बोलायची आणि एक मशीन चालवायची.

तळघर होतं परसातल्या शेडच्या खाली. शेडच्या फळ्यांच्या जमिनीत एक जड लाकडी झाकण, त्याला लोखंडी कडी. ते उघडलं की शिडी, आणि शिडीखाली मातीची जमीन आणि मातीच्याच भिंती. एका बाजूला गाजर-बिटांची खोकी एकावर एक रचलेली असायची. गाजरं धुवायची नाहीत, पाला सुरीनं न कापता हातानं पिळून काढायचा, आणि ओलसर वाळूचा एक थर, गाजरांचा एक थर अशी ती निजवायची. दुसऱ्या बाजूला फळ्यांच्या कप्प्यात बटाटे. कोपऱ्यात सलगम आणि मुळे. हवेसाठी दोन नळ्या होत्या. एक बाहेरची थंड हवा थेट तळाशी आणून सोडायची, दुसरी छतापासची कोंदट हवा वर घेऊन जायची. वन्संच्या नवऱ्यानं त्या स्वतः बसवल्या होत्या. या तळघरातलं खाऊन दोन माणसांचं वसंतापर्यंत आरामात भागत असे, आणि वर शेजारीपाजारी वाटायला उरत असे.

भागू मात्र ते झाकण उघडलं की शेडच्या बाहेरच थांबायची. वन्संनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. भागूचे वडील ती लहान असताना विहिरीत गेले, एवढं त्यांच्या कानावर होतं.

"माणूस पाण्यात बुडाला म्हणून पोरीनं पाण्याला भ्यावं," त्या एकदा सुताराला सांगत होत्या, भागूच्या समोरच. "आमच्या तळघरात पाणी कुठंय? तिथं बुडायला बटाटेच आहेत."

सुतार म्हणजे शेजारी. त्याचं दुकान कुंपणाला लागूनच होतं. तो हसला. भागूही हसली.

खरं म्हणजे विहिरीला पाणी नव्हतंच. ती कोरडी पडली होती, वर्षानुवर्षं फळ्या टाकून झाकलेली, आणि आत पालापाचोळा कुजत होता. थोरले काका गाळ काढायला उतरले. हाक मारली तर उत्तर नाही. म्हणून तिचे वडील उतरले. त्यांचंही उत्तर नाही. तिसरा माणूस उतरायला निघाला तेव्हा भागूच्या आईनं त्याचे पाय धरून ठेवले आणि दोरीला कंदील बांधून आत सोडला. आईच्या पदराला धरून उभ्या असलेल्या भागूनं तो कंदील पाहिला होता. अर्ध्यात गेला, आणि कुणी फुंकर न घालता विझला. आईनं पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढू दिलं नाही, आणि भागूलाही न काढायची सवय लागली. नवऱ्याला एकदा सांगितलं होतं. वन्संना सांगायचं राहून गेलं, आणि मग इतकं राहिलं की सांगणं विचित्र वाटू लागलं.

थंडी आली ती सांगून आल्यासारखी आली. पहिल्याच झपाट्यात परसातल्या पिंपाचं पाणी तळापर्यंत गोठलं. खालची गाजरं गोठतील या धास्तीनं वन्संनी थंड हवेच्या नळीत जुन्या पोत्याचा बोळा ठासून बसवला. दुसरी नळी शेडच्या मागं उघडत होती. त्यावर छपरावरून घसरलेलं बर्फ साचलं आणि दगडासारखं झालं.

"वन्सं, ती मागची नळी मोकळी करू का?"

"राहू दे. तेवढीच ऊब राहील खाली."

त्यानंतर काही दिवसांनी भागूला वास आला.

ती शेडमधून सरपण आणायला गेली होती. झाकण बंद होतं, तरी फळ्यांच्या फटींतून येत होता. आधी ओल्या मातीसारखा, मग गोडसर, मग त्या गोडाच्या आत काहीतरी असं की तिला ओकारी आली. सरपण तिथंच टाकून ती घरात आली.

"खाली काहीतरी कुजलंय."

"एखादा बटाटा गेला असेल," वन्सं म्हणाल्या. "दरवर्षी एक-दोन जातात."

"एका बटाट्याचा वास नाही हा."

"मला तर काही येत नाही."

येणार कुठून. दोन वर्षांपूर्वीच्या तापात वन्संचं नाक गेलं होतं. दूध करपून भांड्याचा कोळसा झाला तरी त्यांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळायचं नाही. हे त्या मान्यही करायच्या, पण दुसऱ्या कुणाला वास येतो हे मान्य करायला मात्र त्यांना जड जायचं.

वास वाढत गेला. भागूला तो आता स्वयंपाकघरातही येऊ लागला, मशीनवर बसलं की येऊ लागला, आणि तिला कळेना की खरंच येतोय की आपल्या डोक्यातच बसलाय. ती उशीचा अभ्रा हुंगून बघायची. रात्री नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, "तुम्ही वन्संना सांगाल का? मी सांगितलं की त्या हसतात."

"सांगतो. पण अगं, ती काय आज पहिल्यांदा बटाटे साठवतेय?" तो म्हणाला. पलीकडे गाडीचं इंजिन घरघरत होतं. "तू मनावर घेऊ नकोस."

त्यानं सांगितलं की नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता वन्सं म्हणाल्या, "बरं बाई. आज खाली जाऊन सगळे बटाटे निवडते. कुजके वर काढून टाकू. मग तर तुझ्या नाकाला सुट्टी मिळेल?"

भागूनं कप खाली ठेवला. तिलाच हवं होतं ना हे? पण ते असं नको होतं.

"आज नको. ते येऊ देत ना, सुट्टीत."

"तोवर राहिलेलेही जातील. कुजका बटाटा शेजारच्याला घेऊन जातो."

"मग आधी झाकण उघडून ठेवू. दिवसभर हवा खेळू दे. नळ्या मोकळ्या करू. आणि मेणबत्ती घेऊन उतरा, बॅटरी नको."

"मेणबत्ती कशाला? वाढदिवस आहे का बटाट्यांचा?"

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते, विहीर, काका, कंदील. पण बाहेर गणवेशाचे कपडे घ्यायला एक बाई आली, आणि भागू तिच्याशी बोलायला दारात गेली. बाई बोलघेवडी होती. थंडी, बंद पडलेली बस, दिराचं दुखणं. भागू परत आत आली तेव्हा स्वयंपाकघर रिकामं होतं, आणि दाराजवळची टोपली जागेवर नव्हती.

शेडमध्ये झाकण उघडल्याचा आवाज तिला ऐकू आला. तो तिच्या ओळखीचा होता, फळ्यांवर लोखंडी कडी आपटल्याचा. मग शिडीची कुरकुर. मागं गेलं तर पुन्हा हसतील म्हणून ती खिडकीपाशी मशीनवर बसली, एक शिवण घातली, ती वाकडी गेली. उसवायला घेतली. सगळं लक्ष कानात. टोपलीत बटाटे पडल्याचे आवाज यायला हवे होते. वन्संना काम करताना स्वतःशी बोलायची सवय होती, तीही इतक्या मोठ्यानं की सुतार पलीकडून उत्तर द्यायचा.

एक धप्प असा आवाज आला. मग काही नाही.

भागू उठली. पायांत घरातल्याच चपला, अंगात स्वेटर. परसातल्या बर्फावरून ती चालत गेली, पळाली नाही, कारण पळालं तर ते खरं होईल असं तिला वाटत होतं. शेडचं दार उघडं होतं. झाकण उघडं होतं. खालून बॅटरीचा उजेड वर येत होता, आणि तो हलत नव्हता.

"वन्सं?"

वास इतका दाट होता की तो जिभेला लागत होता.

"वन्सं, ऐकताय ना? उत्तर द्या हो."

ती गुडघ्यांवर बसली आणि आत डोकावली. बॅटरी जमिनीवर पडली होती आणि तिचा उजेड बटाट्यांच्या कप्प्यावर पडत होता. कप्प्याची फळी सुटली होती. आतून बटाटे नव्हे, काळसर, चकाकणारा लगदा बाहेर आला होता. वन्सं दुसऱ्या बाजूला, गाजरांच्या खोक्यांच्या थप्पीवर उपड्या पडल्या होत्या, एक हात खाली लोंबकळत होता. झोपल्यासारख्या. नुसत्या थकून टेकल्यासारख्या.

भागूचा पाय आपसूक शिडीवर गेला. ज्या शिडीवर इतक्या वर्षांत तिनं पाय ठेवला नव्हता, तिच्यावर ती उतरू लागली, कारण समोर माणूस पडलंय आणि मधे फक्त शिडी आहे. छातीपर्यंत आत गेली असेल. श्वास घेतला, आणि तो श्वास काही पोचेचना. पुन्हा घेतला. कानात घंटा वाजल्यासारखं झालं, कपाळ गरम झालं, आणि शिडीच्या कडा दोन-दोन दिसू लागल्या. तेवढ्यात तिला दिसले ते तिच्या वडिलांचे हात, विहिरीच्या कठड्यावरून खाली सरकत जाणारे. ती तशीच, नखं फळ्यांत रोवून, वर आली आणि बर्फात येऊन पडली.

मग मात्र ती पळाली.

सुतार रंधा मारत होता. तिचा चेहरा बघून त्यानं काही विचारलं नाही. ती बोलत होती ते त्याला पळता पळता कळलं. शेडमध्ये शिरल्याबरोबर त्यानं कोट काढून फेकला आणि शिडीला हात घातला. भागूनं मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि सगळं वजन मागं टाकलं.

"उतरू नका."

"वहिनी, सोडा. ताई मरतील तिथं."

"तुम्हीही मराल. खाली हवा नाहीये."

"हवा नाहीये म्हणजे काय? झाकण तर सताड उघडंय."

"सुतारभाऊ, माझे वडील असेच गेले," ती म्हणाली. "काकांना काढायला उतरले आणि राहिले. विहिरीला पाणी नव्हतं. आत सोडलेला कंदील विझला, मी पाहिलंय."

तिचा आवाज इतका शांत होता की तिलाच तो परका वाटला. शेडच्या खिडकीत वीज गेल्यावर लागणारी मेणबत्ती होती. ती पेटवून तिनं पत्र्याच्या डब्यात उभी केली, डब्याच्या कडीला सुतळी बांधली आणि खाली सोडली. ज्योत आधी लांब झाली. मग पिवळी पडली. शिडीच्या मधल्या पायरीखाली डबा गेला आणि ज्योत नाहीशी झाली. धुराची एक रेघ तेवढी राहिली.

सुतारानं शिडीवरचा हात काढून घेतला.

त्यानं बंबवाल्यांना फोन लावला. ते निघतो म्हणाले, पण मोठ्या रस्त्यावर बर्फ होतं, वेळ लागेल. वेळ लागेल म्हणजे किती, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. भागू झाकणाच्या कडेला पालथी पडून वन्संच्या पाठीकडे बघत होती. पाठ हलतेय का? एकदा हलल्यासारखी वाटली. मग बॅटरीचा उजेडच लुकलुकला असेल असं वाटलं.

"हवा नाही तर हवा घालू," सुतार एकदम म्हणाला. "माझा भुसा ओढायचा पंखा. पाइप उलटा जोडला की फुंकतो."

तो धावत गेला. भागू एकटी राहिली.

त्या वेळाबद्दल ती पुढं कधी कुणाशी नीट बोलू शकली नाही. तिनं वन्संशी बोलत राहायचं ठरवलं, कारण आवाज बंद झाला की खालची शांतता वर यायची. "सुतारभाऊ पंखा आणतायत," ती म्हणाली. "तुम्ही आपल्या पडून राहा. कुठं जाऊ नका. तुमच्या भावाला काय सांगू मी? उठा म्हणत नाही मी, नुसता श्वास घ्या." मग शेडच्या मागं जाऊन फावड्यानं बर्फ फोडू लागली. ते इतकं घट्ट होतं की फावडं उसळून परत यायचं. नळीचं तोंड सापडलं तेव्हा तिच्या तळहातांची सालटी निघाली होती. पुढच्या नळीतला पोत्याचा बोळा तिनं आकड्यानं उपसून काढला.

सुतारानं पंखा ओढत आणला, वायर खिडकीतून दुकानापर्यंत गेली, आणि हत्तीच्या सोंडेसारखा तो जाड पाइप त्यांनी झाकणातून वन्संच्या डोक्याच्या दिशेनं सोडला. पंखा घरघरू लागला. खालचा वास वर उसळला, दोघंही खोकत मागं हटले. काही वेळानं भागूनं पुन्हा डब्यातली मेणबत्ती सोडली. या वेळी ती थरथरली, वाकली, पण खोक्यांच्या उंचीपर्यंत तगून राहिली. त्याखाली गेल्याबरोबर विझली.

"आता जातो मी," सुतार म्हणाला.

भागूनं त्याच्याकडे बघितलं. आडदांड माणूस, दाराच्या चौकटी एकट्यानं उचलणारा. आणि तिला जे समजलं, ते समजायला नको होतं असं तिला फार वाटलं.

"तुम्ही खाली पडलात तर मी तुम्हाला वर ओढू शकणार नाही," ती म्हणाली. "मी पडले तर तुम्ही ओढाल."

सुतारानं शिडीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"वहिनी, तुमच्यानं होईल?"

"नाही," भागू म्हणाली. "दोरी कुठंय?"

कपडे वाळत घालायची जाड दोरी त्यानं तिच्या काखेखालून दोनदा फिरवून गाठ मारली. दुसरी दोरी फास करून तिच्या हातात दिली. तिनं बाहेर तोंड करून छाती फुटेल इतका श्वास भरून घेतला, आणि उतरली.

शिडीची प्रत्येक पायरी ओली होती. पाय खाली टेकला तो मातीत नाही, लगद्यात, घोट्यापर्यंत. गार, बुळबुळीत, आणि त्याच्यात न कुजलेले बटाटे दगडांसारखे पायाखाली फिरत होते. पडायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं. पडलं की संपलं. वन्संचा चेहरा तिच्याकडे वळलेला होता, डोळे अर्धवट उघडे, गाल निळसर. तिनं फास त्यांच्या हातांतून घातला. एक हात आत गेला, दुसरा खोक्याच्या कडेत अडकला. छाती जळू लागली. हात सुटेना. तिनं दोन्ही हातांनी ओढला, वाळूचं खोकं कलंडलं, गाजरं तिच्या अंगावर सांडली, आणि हात सुटला. फास काखेत बसला. तिनं दोरीला हिसका दिला.

वन्सं हलल्या, उचलल्या गेल्या, शिडीवर आपटत वर जाऊ लागल्या. त्यांचा एक बूट भागूच्या खांद्यावर पडला. शिडी एकच होती, आणि तिच्यावर आता वन्सं होत्या. भागूला खाली थांबणं भाग होतं. हे तिनं आधी लक्षात घेतलंच नव्हतं.

पाइपाचं तोंड तिनं वाकून चाचपडत शोधलं आणि तोंडाकडे ओढलं. पण छातीनं तिला विचारलं नाही, हवा तोंडाला लागण्याआधीच तिनं श्वास घेतला. पुन्हा तेच, पोचत नसलेलं काहीतरी. बॅटरीचा उजेड लाल झाला, मग तपकिरी. तिला अजिबात भीती वाटेनाशी झाली. खाली बसावं, थोडं टेकावं, किती सोपं आहे, असं तिला वाटलं. पुढं अनेक महिने तिला झोपेतून उठवत राहिलं ते हेच, भीती न वाटणं.

मग काखेत दोरी रुतली आणि शिडीची पायरी हनुवटीवर आदळली.

शुद्धीवर आली तेव्हा ती बर्फात पडली होती आणि आभाळ फार पांढरं होतं. सुतार तिच्याकडे पाठ करून वन्संवर वाकला होता, त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होता, तोंडात फुंकर घालत होता, आणि मधेच रडत होता. भागू सरपटत तिकडं गेली. वन्संचा हात तिनं हातात घेतला. लाकडासारखा होता. सुतार थांबला, दमून. पुन्हा सुरू झाला. आणि मग वन्संच्या घशातून एक आवाज आला, गंजलेलं बिजागर उघडल्यासारखा. भागूनं आयुष्यात त्याहून वाईट आवाज ऐकला नव्हता, आणि तो पुन्हा यावा म्हणून ती जीव मुठीत धरून वाट बघत राहिली. तो पुन्हा आला.

बंबवाले आले तेव्हा वन्संना ओकाऱ्या होत होत्या.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कोंडलेल्या जागेत ढिगानं बटाटे कुजले की ते तिथली हवा खाऊन टाकतात आणि जड, विषारी हवा सोडतात. ती तळाशी साचते. वन्सं खोक्यांवर पडल्या म्हणून वाचल्या. जमिनीवर पडल्या असत्या तर सगळं तिथंच आटोपलं असतं. "आणि तुम्ही दोघं एकामागून एक उतरला असतात, तर तिघंही तिथंच राहिला असतात," त्या म्हणाल्या.

भागूचा नवरा आला तो डोंगरातून सरळ, कामाच्या कपड्यांत. बहिणीच्या खाटेशी आणि बायकोच्या खुर्चीशी अशा त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. "मीच म्हटलं होतं मनावर घेऊ नकोस म्हणून," एवढंच तो शेवटी म्हणाला. भागूला राग होता, आणि तो जायला बरेच दिवस लागणार होते हे तिला तेव्हाच माहीत होतं.

वन्संना नीट बोलता येऊ लागलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि भागूला जवळ बसवलं.

"सुतार सांगत होता," त्या म्हणाल्या. "विहिरीला पाणी नव्हतं म्हणे."

"नव्हतं."

"आणि मी सगळ्यांपुढं थट्टा करत होते. बोलली का नाहीस?"

"सवय नव्हती."

वन्सं तिच्याकडे वळल्या. "कंदील विझला तेव्हा तू किती मोठी होतीस?"

भागूनं हात जमिनीपासून थोडा वर धरून दाखवला. वन्संनी तो हात पकडला आणि सोडला नाही.

तळघर बंबवाल्यांनी मोकळं केलं, तोंडाला हवेची नळकांडी लावून. दिवसभर काळा लगदा वर येत होता. तो परसाच्या टोकाला खड्डा करून पुरला. गाजरं आणि बीट बहुतेक चांगली निघाली, पण ती खायला कुणाचं मन धजलं नाही. त्यांची खोकीच्या खोकी सुतारानं गुरं पाळणाऱ्या एका ओळखीच्याला देऊन टाकली. नवऱ्यानं शिडी काढून घेतली आणि शिडीच्या जागी माती लोटली.

वन्सं घरी आल्या. बाहेरून बघणाऱ्याला त्या होत्या तशाच दिसल्या. सुताराला त्या हाका मारायच्या, भागूच्या शिवणीला नावं ठेवायच्या, पुढच्या साली बटाटे कमी लावू आणि वर पडवीतच पेट्यांत ठेवू म्हणायच्या. पण न्हाणीघराचं दार त्यांना लावता येईना. एकदा लावलं, आणि भागूला आतून धडका ऐकू आल्या. कडी लागलेली नव्हतीच, नुसतं दार ढकलायचं होतं, पण ते त्यांना सुचलं नव्हतं.

तेव्हापासून त्या अंघोळीला गेल्या की दार अर्धं उघडं राहायचं, आणि भागू बाहेर स्टुलावर पाठ करून बसायची, मांडीवर कुठला तरी गणवेश घेऊन, बटणं लावत. ती बोलत राहायची. कुणाच्या पँटा ढगळ झाल्या, बस पुन्हा सुरू झाली, सुतारानं पंखा कसा अजून धुवून घेतला नाही. आत पाणी पडत असायचं. मधेच सुई ओवायला ती थांबली की पाणी पडायचं थांबे.

"आहेस ना गं?" आतून आवाज यायचा, बारीक, वन्संचा वाटू नये असा.

"आहे," भागू म्हणायची. "डोक्यावरून घ्या आता. गार होईल पाणी."